रेल्वेचा कौल

विजयदुर्गला जायचं कसं, यावरून वाद पेटला तेव्हा किशोरी राहुटीसमोर उभी राहून चहात बटर बुडवून खात होती. सगळं हेदवल गाव वेशीबाहेरच्या सड्यावर, उघड्या कातळावर येऊन पडलं होतं. गावपळण होती. दर काही वर्षांनी मार्गशीर्षात देवाचा हुकूम झाला, की माणसं गुरंढोरं, कोंबड्या, कुत्री-मांजरं घेऊन वेशीबाहेर पडतात आणि माडाच्या झापांनी शाकारलेल्या राहुट्यांत तीन रात्री काढतात. मागे चूल पेटत नाही, दिवा लागत नाही. परत आत जायचं ते देवाने कौल दिल्यावरच. तोवर गाव कुणाचं असतं, हे कोणी विचारत नाही.

किशोरीला या सगळ्याची गंमत वाटायची. ती कोल्हापूरला असते. अपघातातल्या गाड्या विमा कंपनीसाठी तपासणं हे तिचं काम, त्यामुळे 'देवाची करणी' म्हटलं की तिला आधी ब्रेकचं तेल आठवतं. आईला चार दिवस सोबत म्हणून ती मालवणातून भाड्याची गाडी घेऊन आली होती. कोंबडी-वडे खायचे आणि परत जायचं, एवढाच तिचा बेत.

सकाळी विजयदुर्गहून नम्रताचा फोन आला. नम्रता म्हणजे सुगंधामावशीची सून. मावशीने डोळे मिटले होते ते उघडत नव्हती, पेज घशाखाली उतरत नव्हती. "यशोदामावशेक आजच्या आज घेऊन ये गो," नम्रता म्हणाली. "उद्याचा काय सांगूक येयना."

यशोदा ही किशोरीची आई. धाकट्या बहिणीला तिने कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. भातशेतीवाल्या घरातली सुगंधा विजयदुर्गच्या एका खलाशाचा हात धरून गेली, तेव्हा त्यांची आई हौसाबाई भर अंगणात म्हणाली होती, "तिच्या उंबऱ्यार पाय ठेवचंय नाय." हौसाबाईने शब्द पाळला आणि तशीच मेली. तिच्यामागे तो शब्द गंगाराममामाने पाळला, आणि विधवा होऊन माहेरी परतलेल्या यशोदेलाही पाळायला लावला. भावाच्या घरात राहणारीने आणखी काय करायचं?

आज मात्र यशोदा पदर खोचून उभी होती. "मी जातलंय," एवढंच म्हणाली. मामा समुद्राकडे तोंड फिरवून म्हणाला, "जा. पण रेल्वेन जा."

रेल्वेने म्हणजे आधी कणकवली गाठायची, एक स्टेशन पुढे नांदगावला उतरायचं आणि तिथून एसटीची वाट बघायची. द्राविडी प्राणायाम! गाडीने निघालं तर गावातून सरळ रस्ता, खाडीवरचा पूल, आणि किनाऱ्याकिनाऱ्याने विजयदुर्ग. दुपारचं जेवण तिथे.

"रस्तो गावातसून जाता," मामा म्हणाला.

"मग? बाहेरच्या गाड्या जातातच ना?"

"भायरच्यांचा गाव नाय ता. आपला आसा."

"मग हायवेने वळसा घालून जाते."

"त्येका दुपारची सांज होतली," यशोदाच मध्ये बोलली. "तवसर ती रवतली?"

मामाने शेवटी त्याच्या मते सगळ्यांत सोपा मार्ग काढला. गुरवाला बोलावलं. वेशीवरच्या पाषाणाला पाण्याने दोन पाकळ्या चिकटवल्या. उजवी रेल्वेची, डावी गाडीची. "देवा म्हाराजा," गुरवाने गाऱ्हाणं घातलं, "लेक तुझ्या पायाकडे इली हा. कशान जाऊचा ता सांग." बायका हात जोडून बसल्या. वारा पडलेला होता. उजवी पाकळी सुटून खाली आली.

"झाला. रेल्वे," मामा म्हणाला.

किशोरीने खिशातून किल्ली काढली. "देवाने रेल्वेचं टाइमटेबल बघितलंय का मामा? कणकवलीतली गाडी मघाशीच गेली. दुसरी संध्याकाळी."

कोणी हसलं नाही. किशोरीची कानशिलं तापली. या गावात बाईने काय करायचं ते पाकळीने ठरवायचं, नाहीतर भावाने. तिने गाडीचं दार उघडलं आणि आईकडे पाहिलं. आई येणार नाही, अशी तिची खात्री होती. आईने उभ्या जन्मात कौल मोडला नव्हता.

यशोदा उठली, पाषाणाला नमस्कार केला, आणि गुरवाच्या पायाशी पडलेली पाकळी ओलांडून येऊन पुढच्या सीटवर बसली. "चल गो," ती म्हणाली. "पापणी लवची नाय त्येच्या आदी."

"यशोदा!" मामा ओरडला. त्याच्या आवाजात राग कमी आणि भीतीच जास्त होती.

वेस ओलांडली तेव्हा ऊन चांगलं चढलं होतं. किशोरीने काचा मुद्दामच खाली ठेवल्या. गावात सुरुवातीला नुसतं सुनं सुनं वाटलं. कोंबडा नाही, कुत्रं नाही, माडांच्या झावळ्यांचा आवाज तेवढा. दारांना कुलपं नव्हती, कड्या होत्या. हेदवलात गावपळणीला कुलूप लावत नाहीत. किशोरी शीळ घालत होती.

मग तिच्या लक्षात आलं, की अंगणं झाडलेली आहेत. मातीत खराट्याचे ताजे फराटे होते. देवळाजवळच्या विहिरीचा दोर ओला होता आणि त्याचं पाणी कठड्यावर ठिबकत होतं. परबांच्या घराच्या कौलांतून धूर निघत होता, भाताची पेज शिजताना निघतो तसा, संथ. परबांची सगळी माणसं तिने सकाळी सड्यावर पाहिली होती. म्हातारीसकट.

तिची शीळ थांबली. "कोणीतरी मागे राहिलंय," ती म्हणाली.

आपलं घर दिसल्यावर यशोदेने हात वर केला. "थांबव."

"आई, इथे कशाला?"

"लुगडा घेऊचा आसा. आयेन सुगंधाच्या लग्नाक घेतलेला. दिलाच नाय."

किशोरीने इंजिन चालू ठेवलं. यशोदा पायऱ्या चढली, कडी काढून आत गेली आणि हिरवं लुगडं छातीशी धरून बाहेर आली. पण लगेच उतरली नाही. उंबऱ्याशी वळून आतल्या अंधाराकडे तोंड करून उभी राहिली. तिचा आवाज किशोरीला गाडीत स्पष्ट ऐकू आला. भांडणातला, खणखणीत आवाज.

"आये, सुगंधाकडे जातंय. शेवटची घटका आसा तिची. तू शब्द दिलंलस, माका ठावक आसा. पण आता मेलंस, आता कोणाचो मान सांभाळतंस? येतलंस तर ये. नाय तर परत माका तोंड दाखव नको."

ती आली, बसली, पट्टा लावला. लुगडं मांडीवर घेतलं. घराचं दार तिने उघडंच ठेवलं होतं.

"कडी लावायची ना?"

"चल तू."

किशोरीने गिअर टाकला आणि गाडी टिंगटिंग वाजू लागली.

आवाज ओळखीचा होता. सीटवर माणूस आहे आणि पट्टा लावलेला नाही, असं सांगणारा. समोर छोटं लाल चित्र लागलं होतं, मागची डावी सीट. किशोरीने आरशात पाहिलं. सीट रिकामी होती. तिची बॅग डिकीत, लुगडं आईच्या मांडीवर. सेन्सर बिघडलाय, तिने स्वतःला सांगितलं. भाड्याच्या गाड्या, समुद्राची दमट हवा, तारा गंजतात. असे पन्नास अहवाल तिने लिहिले होते.

टिंगटिंग वाढत गेली. पुलावर पोचेपर्यंत तिचं डोकं भणभणलं. गाडीत एक वासही आला होता, भाजलेल्या तंबाखूचा. मशेरीचा. तिच्या घरात मशेरी कोण लावायचं, हे तिला आठवत होतं.

"पट्टो लाव तिका," यशोदा समोर बघत म्हणाली.

"कोणाला?"

"वाजता हा मां? मगे लाव."

पुलाच्या मध्यावर गाडी थांबवून किशोरी उतरली. खाली खाडीला भरती लागली होती. तिने मागचं दार उघडलं, वाकली, रिकाम्या सीटवरून पट्टा ओढला आणि खटका बसवला. आवाज थांबला. पाहा, तारेचाच दोष, असं म्हणायला तिने तोंड उघडलं.

पट्टा सीटला टेकला नव्हता. खांद्याकडून खाली येताना तो पाठीपासून वीतभर पुढे राहिला होता. कमरेपाशी फुगलेला होता. आणि तो हलत होता. पुढे, मागे. सावकाश. म्हातारं माणूस श्वास घेतं तसा.

किशोरी किती वेळ तशीच वाकून उभी होती कोण जाणे. मग तिला संताप आला, भीतीपेक्षा मोठा. या बाईमुळे दोन बहिणींची आयुष्यं आंबून गेली होती.

"बसायचं तर बसा," ती रिकाम्या सीटला म्हणाली. "पण तिथे जाऊन माझ्या मावशीला काही बोललात तर याद राखा."

तिने दार आपटून लावलं. उरलेल्या रस्त्यात आरशात पाहिलं नाही.

विजयदुर्गला किल्ल्याखालच्या वाडीत सुगंधाचं घर होतं. अंगणात जाळी वाळत होती, सुकटीचा वास घमघमत होता. नम्रता दारात आली. पायरीवरचं मांजर गाडीकडे बघत उठलं आणि जाळ्यांखाली शिरलं.

"मागचा दार उघड," यशोदा म्हणाली. किशोरीने खटका काढून दार उघडलं, आणि कोणी आपल्याला बघत नाही ना, हे पाहून थोडी बाजूला झाली. उतरणाऱ्याला वाट द्यावी तशी.

आत खाटेवर सुगंधा मूठभर झाली होती. पांढरे केस उशीवर विस्कटलेले. यशोदेने उंबरा ओलांडला, तिच्याजवळ बसली आणि हिरवं लुगडं तिच्या अंगावर पांघरलं. "सुगंधा. मी इलंय गो. बग तरी."

सुगंधाने डोळे उघडले. नम्रता तोंडावर हात ठेवून रडायलाच लागली. सुगंधाने बहिणीचा हात घट्ट धरला, डोळ्यांतून पाणी काढलं. मग तिची नजर यशोदेच्या खांद्यावरून दाराकडे गेली आणि तिथेच थांबली.

"ती भायर कित्या उभी?" तिने विचारलं.

दारात कोणी नव्हतं. ऊन होतं.

यशोदा वळली. "इतक्या लांब इलंस," ती दाराला म्हणाली, "आता उंबऱ्यार अडलंस? ये आत. पुरे झाली तुझी अक्कड."

मशेरीचा वास किशोरीच्या अंगावरून आत गेला.

त्या संध्याकाळी सुगंधाने वाटीभर पेज घेतली. दुसऱ्या दिवशी उशीला टेकून बसली. तिसऱ्या दिवशी नम्रताने बांगडा तळला तर एक तुकडा मागून घेतला. डॉक्टर आला, नाडी दोनदा बघितली आणि गेला. यशोदा हसत होती. आईला असं हसताना किशोरीने कधी पाहिलं नव्हतं.

चौथ्या सकाळी मामाचा फोन आला. यशोदेने तो मोठ्या आवाजावर टाकला. मागून गुरं हंबरत होती, पोरं रडत होती.

"कौल होयना," मामा म्हणाला. "कालपासून लावतंव. एकव पाकळी सुटना नाय. सगळो गाव वेशीर बसलो हा, यशोदा. पाणी संपला." त्याने आवाज उतरवला. "घराचो दरवाजो उघडो दिसता हंयसून. तिका परत घेऊन ये. ती इल्याबिगर देव कौल देवचो नाय."

"कोणाक?" यशोदेने विचारलं.

मामाने घसा खाकरला.

"नाव घे मां. आपली आये आसा ती."

"यशोदा, गाव भायर रवलो हा!"

"रवांदे," यशोदा म्हणाली. "हिका इतकी वर्सां भायर ठेवलास, तेवा कोणी कौल लावलो नाय. आयेची पोरीवांगडा गाठ पडली हा. तिका वाटात तेवा येतली. तुका घाय आसात तर तू ये हंय. तुझी पण भयण आसा." तिने फोन बंद केला आणि ताठ मानेने ओटीवर बसून राहिली.

किशोरीला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. तिने गाडीची किल्ली आईच्या हातात ठेवली. "तू सांगशील तेव्हा निघू."

मावशीला ही गोष्ट सांगावी म्हणून ती आत गेली. खोलीत खोबरेल तेलाचा वास होता. सुगंधा भिंतीकडे तोंड करून, गालाखाली हात घेऊन लहान मुलीसारखी झोपली होती. तिचे विस्कटलेले केस कोणीतरी विंचरले होते. मधोमध भांग पाडून डाव्या बाजूला वेणी घातली होती, शाळेतल्या पोरीची घालतात तशी, कानशिलाची कातडी ओढली जाईल इतकी घट्ट.

"नम्रता, तू वेणी घातलीस?" तिने हळूच विचारलं.

"नाय गो," स्वयंपाकघरातून नम्रता म्हणाली. "मी हंय मासळी साफ करतंय."

किशोरी खाटेजवळ गेली. उजवी वेणी अर्धीच झाली होती. खालचे तीन पेड मोकळे होते, पण ते उशीवर पडले नव्हते. ते हवेत ताणलेले होते, आणि एक पेड सावकाश दुसऱ्यावरून पलीकडे गेला.