शेऱ्याचा रकाना

पहिल्यांदा दिसला तेव्हा तो आमच्या फाटकाबाहेर, उघडा लॅपटॉप डोक्यावर धरून उभा होता. वरून संपिगेची, म्हणजे सोनचाफ्याची, पिवळी फुलं पडत होती. दोन तर त्याच्या खांद्यावरच...

“एनु बेकु?” काय हवंय, असं मी कन्नडमध्ये विचारलं.

तो गोंधळला आणि स्वतःशीच पुटपुटला, “ये गं बाई, इथं तरी ये!”

“कोणाला बोलावताय?” मी आमच्या घरच्या मराठीत विचारलं.

“रेंजला,” तो म्हणाला, आणि असा काही लाजला की मला हसू आवरेना.

आशय नाशिकचा, राहायला शहराच्या दुसऱ्या टोकाला, एचएसआर लेआउटला, नोकरी बिनतारी इंटरनेट विकणाऱ्या एका कंपनीत. साल २०१०. मल्लेश्वरममधला आमचा रस्ता खणताना फोनची तार तुटली होती, आणि घरून काम करणारी मी, वसुमती, हात चोळत बसले होते. बिनतारी इंटरनेट तेव्हा नवं नवं होतं, कंपन्यांची नुसती चढाओढ. पण आमचे अण्णा! माझ्या वडिलांची तीस वर्षं सरकारी कारखान्याच्या खरेदी खात्यात गेलेली. तीन कोटेशनं आल्याशिवाय आमच्या घरात साधा पंखा येत नसे. एकदाच, आजोबांच्या घड्याळाच्या काचेसाठी, त्यांनी एका कोटेशनवर भागवलं. तेव्हाही शेऱ्याच्या रकान्यात कारण लिहिलं, ‘याला पर्याय नाही.’

अण्णांनी तक्ता आखला. पहिली कंपनी महिना बाराशे, पण घरात-बाहेर कुठेही चालणार. दुसरी आठशे, मात्र दोन जीबी संपले की मीटर पळणार. आशयची सगळ्यात स्वस्त, सहाशे, हवं तेवढं वापरा. फक्त तिची मोडेमची पेटी घरात एका जागी ठेवायची, आणि ती सात दिवस फुकट वापरून बघता येणार होती.

मग तो रोज संध्याकाळी येऊ लागला. पेटी कपाटावर ठेवून पाहिली, तांदळाच्या डब्यावर, देवघराच्या खिडकीत... लागली ती फक्त गॅलरीत, संपिगेच्या फांदीजवळ. तिथं आम्ही दोघं एकाच स्क्रीनवर वाकून वाट बघायचो. एक पान उघडायला दोन मिनिटं लागत. मला वाटायचं, चार लागोत.

“आज वेग फारच कमी आहे,” तो म्हणायचा.

“मला कुठे घाई आहे?” मी म्हणायची.

सातव्या संध्याकाळी अण्णा तक्ता घेऊन बसले. “सगळ्यात कमी दर तुमचा. घेऊ?”

“नको, काका,” आशय म्हणाला. “भिंती दगडी आहेत. आमचं आत येणारच नाही. बाराशेवालं घ्या, वसुमतींचं काम अडायला नको.”

तो गॅलरीत जाऊन वायर गुंडाळू लागला. मी मागोमाग गेले.

“लागणार नाही, हे कधी कळलं?”

“पहिल्याच दिवशी.”

“मग इतके दिवस —”

“सात दिवसांची मुभा होती ना...” त्याचे कान लाल झाले. “सोमवारपासून मला हुबळीला पाठवतायत. उद्यापासून इथं यायला निमित्तही नाही. म्हणून आजच सांगतो. तुम्ही मला आवडता, वसुमती. फार आवडता.”

मला एकदम रडू आलं, आनंदाचं आणि भीतीचंही. तो गेला की ही गॅलरी मला खायला उठली असती. मी तडक आत गेले.

“अण्णा, एक गोष्ट मी तीन कोटेशनांशिवाय ठरवलीय.”

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मग गॅलरीकडे.

“एकच कोटेशन?”

“एकच.”

“मग कारण लेखी लागतं, पुट्टी,” अण्णांनी माझं लहानपणचं लाडाचं नाव घेतलं.

त्यांनी तक्ता उलटा करून पेन पुढे केलं. कोऱ्या बाजूवर मी त्याचं नाव लिहिलं. दर काही लिहिला नाही. पुढे फक्त शेरा, ‘याला पर्याय नाही.’

अण्णांनी दोनदा वाचलं. “सरी, ठीक आहे,” म्हणाले आणि खाली सही केली. मग हाक मारली, “आशय, ती पेटी काढू नका. हुबळीहून दर रविवारी तपासायला यावं लागेल.”

“पण काका, ती लागत नाही...”

“गॅलरीत लागते की,” अण्णा म्हणाले.