डोहातला गाळ

बसा. पण खुर्ची जरा अलीकडे घ्या, त्या खाटेच्या बाजूला नको. सांगतो का ते.

सत्तावन्न सालची गोष्ट. आदल्याच वर्षी नागपूर मुंबई राज्यात गेलं, आमचं बऱ्हाणपूर मध्य प्रदेशात राहिलं. सरकारने नोकरदारांना विचारलं, कुठे जाता? माझ्या बरोबरीचे झाडून सगळे तिकडे गेले. मी एकटा राहिलो. कमलच्या, माझ्या बायकोच्या, अस्थी तापीच्या राजघाटापुढच्या डोहात सोडल्या होत्या. तिला इथे टाकून जायचं माझ्या जिवावर आलं.

तेव्हा मी बांधकाम खात्यात ओव्हरसियर होतो आणि हलकी खडी करायचा मला नाद लागला होता. तापीचा गाळ, गिरणीची राख आणि केळीच्या वाळल्या खांबांचा भुसा कालवायचा, लिंबाएवढे गोळे वळायचे, भट्टीत भाजायचे. भुसा जळून आत जाळी पडते. गोळा इतका हलका होतो की पाण्यावर तरंगतो. या खडीचा पहिला स्लॅब माझ्याच क्वार्टरवर टाकायचं ठरलं होतं.

भट्टी उघडली ती भर दुपारी. मजूर भाकरी खायला गेलेले. गोळे वळणारी मालूबाई तेवढी कडुलिंबाखाली बसलेली. भाजल्या मातीचा वास, आणि निवणाऱ्या गोळ्यांचा बारीक आवाज... टिक... टिक... मी एक उचलला. त्याच्या माथ्यावर अंगठा दाबल्याचा खळगा. दुसरा पाहिला, तिसरा पाहिला. सगळ्यांवर तोच खळगा.

"मालूबाई, हे काय केलंस?"

"अरे बापा! म्या नाही केलं, साहेब. म्या तर गोल गोल वळले होते..."

कमल लाडू वळला की वर अंगठा दाबायची, चारोळी बसवायला. घरात चारोळी नसली तरी दाबायची. "हाताची सवय हो," म्हणायची.

मी तसाच कौतिक नावाड्याकडे गेलो. गाळ तोच काढायचा.

"कुठून काढलास रे?"

"तुमीच तर बोलले साहेब, चिकना पायजे. चिकना तर डोहातच भेटते." तो घुटमळला. "वहिनीले सोडलं होतं ना... तिथलाच."

चूक माझीच. गाळ कसा हवा ते दहादा सांगितलं, कुठला नको ते सांगायचं सुचलंच नाही मला मेल्याला!

"नदीचं नदीले देऊन टाका," मी भट्टीवर परतल्यावर मालूबाई हळूच म्हणाली. टोपल्या घेऊन मी घाटावर गेलो आणि गोळे डोहात ओतले. पण बुडतात कशाचे! मीच हलके केले होते ना. क्षणभर जागीच डोलले, मग धारेच्या उलट फिरले आणि एकामागून एक पायरीशी, माझ्या पायांशी येऊन थांबले.

भीती वाटलीच. पण खरं सांगू? त्याहून बरं वाटलं. ती यायला तयार होती. मी सगळे वेचले आणि स्लॅबमध्ये घातले.

बारा वर्षं झाली. वर बघा, खाटेच्या बरोबर वर... तो खळगा. स्लॅबखालच्या फळ्या काढल्या तेव्हाच होता. त्याच्याखाली मी रोज निजतो, कधी काही झालं नाही.

काल दिवेलागणीला मात्र त्यात चारोळी दिसली. नीट, मधोमध बसवलेली. ती गेल्यापासून या घरात चारोळी आणलेली नाही हो.