फळ्यांवरचं मेण

तिने पहिली उडी घेतली आणि पुढच्याच क्षणी ती नव्या कोऱ्या रंगमंचावर सपशेल आडवी होती.

"लागलं का हो?" विंगेतून एक माणूस धावत आला. कानामागे पेन्सिल, केसांत भुसा.

"छे, झोप आली म्हणून पडले! काय फासलंय या फळ्यांना?"

"मेण. तीन हात." आणि वर अभिमानाने, बिचारा, "आरसा केलाय, आरसा!"

"आम्ही आरशासमोर नाचतो, सुतारदादा. आरशावर नाही."

"दादा नको..." तो पुटपुटला.

"का?"

"उगाच... नातं ठरून जातं."

एरवी ती खळखळून हसली असती. पण संध्याकाळी सहाला पडदा उघडणार होता. मुख्य भूमिका पहिल्यांदाच तिच्याकडे आली होती, आणि खाली हे घसरडं भूत पसरलं होतं.

कंपनीला स्वतःचं नाट्यगृह मिळालं म्हणून आठवडाभर नुसतं ढोल बडवणं चाललं होतं. पण ही बॅले कंपनी जन्मली ती एकतीस वर्षांपूर्वी, एका गॅरेजच्या वरच्या खोलीत. एक बाई, अकरा मुली, एक टेपरेकॉर्डर आणि खाली दगडासारखं सिमेंट. मग शाळेची व्यायामशाळा मिळाली. मग ट्रक आला, गावोगावचे दौरे आले. मुलींनीच रंगमंच झाडायचा, मुलींनीच रबरी पट्टे अंथरायचे, नाचून झालं की मुलींनीच गुंडाळायचे. अकराच्या चाळीस झाल्या, मुलगे आले, वर्तमानपत्रांत फोटो आले. आणि त्या पहिल्या अकराजणी? सिमेंटने त्यांचे गुडघे खाल्ले. तिची आई त्यांच्यातलीच. जिना उतरताना आई अजून कठडा धरून खेकड्यासारखी आडवी उतरते. आजच्या स्मरणिकेत अध्यक्षांचे सात फोटो होते. आईचं नाव शोधून सापडत नव्हतं. लाज कोळून प्यायलेली माणसं इतिहास लिहायला बसली की असंच होतं.

"मोजे घालून उडी मारा," तिने सुताराला फर्मावलं. "मग बोला."

त्याने मारली. धप्प! दोघं समोरासमोर बसलेली, दोघांचे हात कमरेवर.

"कळलं," तो कण्हत म्हणाला. "पण त्या कोपऱ्यात मेण पोचलेलं नाही. तिथे एकदा... फक्त एकदा उडी मारून बघाल?"

ती तणतणतच गेली, उडाली, उतरली... आणि थबकली. फळ्या अलगद दबल्या होत्या आणि त्यांनी तिला झेलून परत वर उचललं होतं. असं तिच्या पायांना आजवर कुणी झेललं नव्हतं.

"खाली काय आहे?"

"आडवे-उभे वासे, मध्ये रबर. दोन महिने स्वतः उड्या मारून बघितल्या. म्हटलं, नाचणाऱ्याचा गुडघा जपला पाहिजे."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. एकतीस वर्षांत हे कुणाला सुचलं नव्हतं!

"मग मेण कशाला?"

"अध्यक्षांचा हुकूम. फळ्यांत दिवे चमकले पाहिजेत म्हणे. मी विचारायला हवं होतं... चुकलंच माझं."

नाव काढायचा अवकाश, अध्यक्ष हजर. मागे कंपनी उभी करणाऱ्या बाई, मान खाली. तिने झालेलं सांगितलं.

"मेणाला हात लावायचा नाही," अध्यक्ष म्हणाले. "मोठे पाहुणे येतायत. तुला जमत नसेल तर दुसरी तयार आहे."

दुसरी म्हणजे सतरा वर्षांचं पोर. ही हटली तर ते पोर पडणार.

"बाई, तुम्ही बोला ना!"

"बाळ... सांभाळून नाच."

"उडी सांभाळून कशी मारतात, बाई? आईला शिकवली होतीत?"

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. तेवढ्यात खर्र् असा आवाज आला. सुतार पाती घेऊन मेण खरवडत होता.

"ए! परत या इमारतीत पाऊल ठेवू देणार नाही!"

"बरं साहेब. आज मात्र हे पुरं करूनच जाईन."

ती त्याच्या शेजारी गुडघ्यांवर बसली. मग बाईंनी चष्मा काढून ठेवला आणि हात पुढे केला, पातीसाठी. मग विंगेत जमलेली सगळी कंपनीच खाली बसली. चाळीसच्या चाळीस जागी दुसरी माणसं कुठून आणणार? अध्यक्ष घड्याळ बघत पाय आपटत निघून गेले.

मेण मोठं चिवट. खरवडलं तरी उरायचं, घासायला घेतलं की पॉलिश पेपरला चिकटायचं. दुपार सरली, पाच वाजले. पुढचा अर्धा रंगमंच कोरडा झाला. मागचा अर्धा अजून चकाकतच होता. सुताराने मधोमध खडूने रेघ ओढली.

"हिच्या मागे जायचं नाही."

"दटावताय?"

"विनवतोय."

पडदा उघडला. अर्ध्या जागेत तिने अख्खं नृत्य कोंबलं. मोठ्या उड्या आडव्या वळवल्या, गिरक्या आखडल्या. एकदा टाच रेघेवर गेली... विंगेत तो एक पाऊल पुढे सरसावला. ती सावरली. टाळ्यांत ती विंगेत शिरली, घामाने निथळत, आणि त्याच्या पुढ्यात उभी राहिली.

"परत मंचावर जायला सोळा मोजेपर्यंत वेळ आहे. सकाळपासून घशात काहीतरी अडकलंय तुमच्या. बोला."

"आत्ता?"

"एक... दोन... तीन..."

"गुडघा दुखतोय का?"

"नाही. पाच... सहा..."

"उद्यापासून मला इथे येता येणार नाही."

"मी बाहेर येईन. आठ... नऊ..."

त्याने तोंड उघडलं, मिटलं. दहा गेले, अकरा गेले.

"बारा..."

"मला तुम्ही आवडता!" तो एका दमात म्हणाला. "फार."

तिने त्याचा हात गच्च धरला. तेरा. चौदा. पंधरा.

"मग बारा आकडे कशाला हो फुकट घालवलेत?" ती म्हणाली, आणि सोळाव्याला उजेडात होती.