पंपघरातले डोळे

“हात लावू नकोस त्याला, देविका!” बाबा दारातूनच ओरडले.

त्यांच्या कुत्र्याच्या, फुटाण्याच्या, पाठीवरचे केस पुन्हा गळायला लागले होते. कानांच्या कडांना खपल्या धरल्या होत्या आणि बिचारा खाजवून खाजवून रडकुंडीला आला होता. प्राण्यांच्या डॉक्टर शालिनींच्या औषधानं दिवाळीत त्याची खरूज पूर्ण बरी झाली होती. थंडी पडली आणि ती परत हजर!

“घरात तान्हं बाळ आहे,” बाबा म्हणाले. “रविवारी याला गुडगावच्या श्वानगृहात सोडून येऊ. बस्स!”

हिवाळ्याची सुट्टी नुकती लागली होती, पण आता देविकाला ती नकोशी वाटायला लागली. संध्याकाळी, दिल्लीत, आर. के. पुरममधल्या त्यांच्या सरकारी क्वार्टर्समागे, जंगलाच्या भिंतीपाशी तिनं शेजारच्या नचिकेतला आणि त्याच्या बहिणीला, अनुष्काला, सगळं सांगून टाकलं.

“डॉक्टर म्हणाल्या, ही खरूज कुणाकडून तरीच लागते. कुणाकडून ते कळलं, तर फुटाणा राहील!”

“पण फुटाणा तर कुणाच्या जवळसुद्धा जात नाही यार!” नचिकेत म्हणाला. “एक नंबरचा भित्रा!”

धुकं इतकं दाटलं होतं की भिंतीपलीकडची झाडं पार पुसून गेली होती. एवढ्यात पलीकडून कुणीतरी रडलं. लांबलचक, कापऱ्या आवाजात, लहान मूल रडावं तसं.

“श्श! ते बघा!” अनुष्का कुजबुजली.

भिंतीलगतच्या जुन्या पंपघराच्या मोडक्या दारातून काहीतरी बाहेर आलं. अंगावर केस नाहीत, कातडी करडी आणि सुरकुतलेली, शेपूट दोरीसारखं. पावलांचा जराही आवाज नाही! त्यानं तिघांकडे एकदा पाहिलं, आणि देविकानं अनुष्काचा हात घट्ट धरला.

“भू... भूत!” नचिकेतची बोबडी वळली.

मग ते भूत खाली बसलं, मागचा पाय उचलून कान कराकरा खाजवला आणि धुक्यात नाहीसं झालं.

“भुताला कधी खाज सुटते का रे?” देविका म्हणाली. “फुटाणा अगदी अस्संच खाजवतो!”

तेवढ्यात मागून काठीची टकटक ऐकू आली. तिघंही किंचाळले. पण ते तात्याराव काका होते, वरच्या मजल्यावरचे, मंत्रालयात मोठे साहेब आणि कॉलनीतल्या कुत्र्यांचे पालनहार! थंडी पडली की काका रोज संध्याकाळी सगळ्या कुत्र्यांना गोणपाटाचे कोट चढवत आणि सकाळी काढून पंपघरात टाकत. गुडघे दुखत, म्हणून आत जायची भानगड नाही. खिडकीतून आकडीची काठी घालायची आणि कोट ओढून काढायचे.

“चलो, फुटाणेरावांचा कोट!” काका मनगट खाजवत म्हणाले.

देविकाचं लक्ष मनगटावर गेलं. लाल पुरळ! “काका, हे काय झालं?”

“दिल्लीची थंडी, बेटा. सरसोंचं तेल लावतोय.”

“काका, या कोटांवर दिवसभर कुणीतरी झोपतं! आम्ही आत्ता त्याला पंपघरातून बाहेर येताना पाहिलं!”

“अच्छा? मी रोज कोट काढतो, मला नाही दिसलं ते?” काका हसले. “कोणी नाही तिथं. बिल्कुल नाही!”

“तुम्ही आत बघता कुठं?” देविका बोलून गेली. काका फुरंगटले आणि कोट घेऊन तरातरा चालू लागले. फुटाण्याला मात्र त्या रात्री तिनं आईची जुनी शाल गुंडाळली.

दुसऱ्या दिवशी शनिवार. आता जे करायचं ते आजच! काका चहा घेत बसलेले पाहून नचिकेतनं त्यांची काठी जिन्याखाली दडवली.

“कोणी नेली माझी काठी?” काका संध्याकाळभर कुरकुरले. शेवटी, कुत्री कुडकुडतायत म्हणून, गुडघे सांभाळत पंपघराशी आले. तिघं दबक्या पावलांनी मागोमाग. आत मिट्ट काळोख होता आणि कुबट वास येत होता. काका दारातून वाकले, त्यांनी टॉर्च लावला.

गोणपाटांचा ढीग हलला. त्यातून दोन हिरवे डोळे वर आले!

“अगं आई गं!” म्हणत काकांनी धुळीत बसकणच मारली.

ते जनावर पळालं नाही. ते थरथरत होतं. देविकाची भीती कुठल्या कुठे गेली आणि तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. “काका, कोल्हा आहे तो! आणि खूप आजारी आहे. कुणी जवळ जाऊ नका!”

नचिकेतनं डॉक्टर शालिनींना फोन लावला. त्या आल्या आणि त्यांच्यामागून वन्यप्राण्यांना सोडवणारी माणसं जाड हातमोजे घालून आली आणि कोल्ह्याला पिंजऱ्यातून उपचारांसाठी घेऊन गेली.

“खरजेचे किडे डोळ्यांना दिसत नाहीत,” डॉक्टर म्हणाल्या. “कोल्हा दिवसा या कोटांवर झोपायचा आणि किडे कोटांत राहायचे. संध्याकाळी तेच कोट कुत्र्यांच्या अंगावर! काका, तुमच्याही मनगटावर तेच आहे. आता सगळ्या कुत्र्यांना औषध, आणि हे कोट जाळायचे. शाब्बास पोरांनो! मी नुसती औषधंच देत राहिले असते.”

काकांची मान खाली गेली. “मी माया करतोय असं समजत होतो,” ते म्हणाले, “आणि घरोघरी आजार वाटत होतो. देविका, तू सांगत होतीस आणि मी हसलो. चुकलंच माझं!”

गडबड ऐकून आलेले बाबा सगळं ऐकत मागे उभे होते. त्यांनी खिशातून फोन काढला.

“हॅलो, श्वानगृह? कल के लिए बोला था... जी नहीं, हम नहीं आ रहे,” बाबा म्हणाले. मग देविकाकडे बघत त्यांनी घसा खाकरला. “कुत्ता घर पर ही रहेगा. उसका घर है.”