दीड बोटाचा कान

इस्पितळाच्या कॅन्टीनमध्ये त्या दिवशी बसायला जागा नव्हती, म्हणून ती खिडकीपाशी एका अनोळखी माणसासमोर बसली. पहिला घोट घेतला आणि कॉफीचा ओघळ कपाच्या बाहेरून उतरून थेट तिच्या बाहीत शिरला.

“हा कप ज्याने केला, त्याने जन्मात कधी कॉफी प्यायली नसणार,” ती पुटपुटली.

समोरच्याने मान वर केली. काय बिघडलंय कपाचं, असं त्याने अगदी साधेपणाने विचारलं.

कोणी विचारायचाच अवकाश होता. ती फिजिओथेरपिस्ट. लुळे पडलेले हात पुन्हा कामाला लावायचे, हेच तिचं रोजचं काम. तिने बोटावर मोजत सांगितलं – कपाचा कान दीड बोटाचा, दुसरं बोट बाहेर राहतं आणि भाजतं. काठ जाड, म्हणून ओघळ येतो. बशी सपाट, म्हणून कप घसरतो. तिचं एक वेळ ठीक होतं. पण वरच्या वॉर्डातले मास्तर चार महिने उजवा हात हलवायला शिकत होते, आणि या कपापुढे त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं.

तो खिशातल्या वहीत सगळं लिहून घेत होता. लिहून झालं तेव्हा त्याचे कान लालबुंद झाले होते.

“कप मीच केलाय,” तो म्हणाला. “आणि तुम्ही म्हणता ते खरं आहे... मी चहा पितो.”

तिला हसू आवरेना. तो मात्र हसला नाही. वहीतलं पान फाडून त्याने टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, “हात ठेवता?” तिने ठेवला. तो पेन्सिलीने तिच्या बोटांभोवती रेघ ओढत गेला. करंगळीपाशी पेन्सिल जरा रेंगाळली – की तिलाच तसं वाटलं?

दर गुरुवारी तो टेम्पोतून कॅन्टीनचा माल घेऊन यायचा. पुढच्या गुरुवारी नवा कप घेऊन आला. त्याचा कान मोठा होता, पण कप उचलताना कलंडायचा. त्याच्या पुढच्या गुरुवारी आणखी एक. तो समोर बसून तिच्या बोटांकडे बघत राहायचा, आणि ती त्याच्या हातांकडे. त्याच्या नखांत वाळलेली पांढरी माती असायची. बोलणं कपांवरून निघायचं आणि कुठल्या कुठे जायचं. वडिलांनंतर कपबश्यांचा कारखाना एकट्याने चालवताना रविवार किती लांबतो, तेही त्याने सांगून टाकलं होतं.

ती ताईकडे राहायची. बुधवारी संध्याकाळी ती गुरुवारच्या कपड्यांना इस्त्री करताना दिसली की ताई काही विचारायची नाही, नुसती भावजींकडे बघायची.

पाचवा कप मास्तरांनी उचलला. चार बोटं कानातून आरपार गेली, हात थरथरला, पण कप ओठांपर्यंत पोचला. मास्तरांनी सबंध कॉफी संपवली आणि शांतपणे म्हणाले, “आता मला घरी जाता येईल.” तिचे डोळे भरून आले. तोही शेजारीच उभा होता; त्याने तिच्याकडे बघितलं आणि चटकन नजर वळवली. दोघांच्याही एकदमच लक्षात आलं होतं... काम झालं होतं.

पुढच्या गुरुवारी टेम्पोवाला एकटाच आत आला. त्याच्या पुढच्याही. नव्या कपांचं सगळ्यांनी कौतुक केलं. ती रोज त्यातून कॉफी प्यायची. कप हातात इतका नीट बसायचा की तिला तो धरवत नसे. दाराचा आवाज झाला की मान आपोआप वळायची. असे सहा गुरुवार गेले.

सातव्या गुरुवारी तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि त्याच्या कारखान्याकडे जाणारी बस पकडली. काय सांगायचं, ते वाटेत तीनदा ठरवलं नि तीनदा मोडलं.

तो कुंभाराच्या चाकापुढे बसला होता, हात मनगटापर्यंत मातीत. तिला बघून उठला, पण चाकाच्या पायपट्टीवरून पाय काढायचं विसरला. चाक फिरतच राहिलं आणि ओला कप वाकडा होऊन खाली बसला.

“बशीत काही खोट निघाली का?” त्याने विचारलं.

“नाही.” ती दारातच उभी होती. “मला करमत नाही... तुम्ही का येत नाही?”

त्याने चाक थांबवलं. मग म्हणाला, “दोनदा आलो होतो. टेम्पोतच बसून राहिलो. यायला कारण हवं ना, आणि मला एकही सुचेना. टेम्पोवाला म्हणाला, साहेब, उतरा तरी.”

“मग उतरायचं.”

“तुम्ही नुसत्या ओळखीचं हसला असता तर मला ते सोसलं नसतं.”

बाहेर कोणीतरी खोकी रचत होतं. ती पुढे आली. त्याने घाईने हात मागे घेतले. “मातीचे आहेत,” तो म्हणाला, “तुमची बाही...”

“राहू द्या बाही,” ती म्हणाली, आणि तिने ते दोन्ही हात, होते तसेच, आपल्या हातांत घेतले.