झाकणाची बादली

"बाई, संध्याकाळी बोट धक्क्याला लागली की आई आणि भाऊजी मिस्त्रींना पोलिसांत देणार म्हणतात!" धाकटीला रडू आवरेना.

हेरबाई आणि त्यांचे सोबती कंपाउंडर नुकतेच काठाला बांधलेल्या बोटीवर चढले होते. बोट धाकटीच्या नवऱ्याची. कालच त्याने आई आणि थोरल्या भावाला हौसेने नदीवर फिरायला आणलं होतं. आज दुपारी बोट पहिल्यांदा उभी राहिली, सगळे जेवले, आणि आईंच्या उशीखालची पुरचुंडी गेली. आत सोन्याच्या पाटल्या. दोन वर्षं सेवा केली म्हणून आई त्या आज धाकटीच्या हातात घालणार होत्या.

वीस वर्षं इंजिन सांभाळणारे मिस्त्री खाली मान घालून पायरीवर बसले होते. सकाळी आईंचा पंखा दुरुस्त करायला खोलीत गेले तेव्हा पुरचुंडी नजरेस पडली, एवढाच त्यांचा गुन्हा.

कंपाउंडरांना वेगळीच घाई होती. ते संडासाकडे वळले.

"साहेब, थांबा," मिस्त्री म्हणाले. "बोट उभी असली की मी संडासाची नदीत उघडणारी झडप बंद करतो. काठाला माणसं पाणी भरतात ना. आता हापसा मारून पाणी सोडलंत तर सगळं उलटं अंगावर येईल."

कंपाउंडरांनी नुसतं डोकावून पाहिलं. भांडं कोरडं ठणठणीत, स्वच्छ. पण कोपऱ्यातल्या झाकणाच्या बादलीचा वास! पुसलेले कागद हापशात अडकतात म्हणून त्या बादलीत टाकायचे. कंपाउंडरांनी नाक दाबून दार लावलं.

आई खाटेवर पडल्या होत्या. "मेलं हे इंजिन! कालपासून डोळ्याला डोळा नाही," त्या कुरकुरल्या.

"पाटल्या गेल्या तेव्हा?" हेरबाईंनी विचारलं.

"तेव्हा गाढ झोपले होते. मला काहीच ठाऊक नाही."

थोरला पान उलटावं तसा सहज बोलला, "मी जेवल्यापासून पाऊण तास संडासात. पोट बिघडलं होतं. चोर बाहेर पायरीवर बसलाय, उगाच वेळ कशाला घालवता?" मग धाकटीकडे वळून, "आणि हे बघ, ती कागदांची बादली राहू दे. धक्क्यावर मी रिकामी करीन."

"भाऊजी आज फारच मदतीला," धाकटी बाहेर येऊन पुटपुटली. "कालपासून स्वतःचा कप उचलला नाही. मिस्त्री बोटीचे नियम सांगत होते तेव्हाही हे फोनवरच होते."

हेरबाई हसल्या नाहीत. "कंपाउंडर, रबरी हातमोजे आहेत?"

"आहेत. का?"

"बादली."

"शी! बाई, माझ्या पगारात हे बसत नाही!"

पण काढावीच लागली. सगळ्यांसमोर, ओकारी गिळत, त्यांनी कोपरापर्यंत हात घातला. तळाशी पुरचुंडी होती.

"खोल्या तुम्ही सगळ्यांच्या तपासल्यात," हेरबाई म्हणाल्या. "इथे कोण हात घालणार? ज्याने कधी कप उचलला नाही त्याला एकाएकी ही घाण उचलायची हौस आली. आणि थोरले, झडप बंद असताना पाऊण तास बिघडलेलं पोट घेऊन बसला असतात तर भांडं भरून वाहिलं असतं. ते कोरडं होतं. तुम्ही आत गेलात फक्त हे लपवायला."

थोरल्याचं तोंड काळवंडलं. "आईचं सोनं माझंही आहे," एवढंच तो म्हणाला.

"दादा, तू?" धाकटा म्हणाला.

"अजून संपलं नाही," हेरबाईंचा आवाज उतरला. "आई, उभ्या बोटीतही तुम्ही जाग्याच होतात, हो ना? चालत्या बोटीत रात्रभर टक्क जागं राहणाऱ्या माणसाची उशी कुणी उचलली, तर त्याला जाग येणारच."

आईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. "लेक आहे गं माझा. मिस्त्री काय, परकाच ना."

मिस्त्रींनी तेलाचं फडकं हळूच घडी घालून खाली ठेवलं. "मालक, धक्क्यावर मी उतरतो."

"तुम्ही नाही," धाकटा म्हणाला. "दादा, आई, मिस्त्रींना धक्क्यावर उतरवायची घाई तुम्हालाच होती ना? पिशव्या भरा."

आईंनी पाटल्या धाकटीपुढे धरल्या. "घे गं. धुतल्या की स्वच्छ होतील."

"बादलीची घाण धुऊन जाईल, आई," धाकटी म्हणाली आणि दोन्ही हात मागे घेतले.

इंजिन सुरू झालं. मिस्त्री खालून ओरडले, "साहेब, झडप उघडली. जाऊन या!"

कंपाउंडर तिसऱ्यांदा साबण लावत होते. "नको," ते म्हणाले. "आता घरी जाऊनच."