न झटकलेली चादर

नेरच्या वाटेवरच्या एका खासगी दवाखान्यात बबिता कपडे धुवायला लागली, तेव्हा जुन्या पंचफुलाबाईने तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "वार्डातली चादर कधी झटकू नोको. अंगालेही लावू नोको. आतल्या आत गुंडाळायची अन् पिवळ्या पिशवीत टाकायची. झटकली का रोग हवेत उडते."

वैशाखातली दुपार होती. क्षयाच्या खोलीतली बाई सकाळीच गेली होती. नातेवाईक देह घेऊन गेले, चादर तेवढी मागे राहिली. पंचफुलाबाई जेवायला गेलेली, धुलाईच्या खोलीत बबिता एकटी. लाइन गेली, पंखा थांबला, तसा ब्लीचिंगचा उग्र वास दाटून आला.

तिने जाड हातमोजे चढवले आणि त्या चादरीच्या पिवळ्या पिशवीची गाठ सोडली. कपड्यात सुई-बिई राहिली तर हाताला टोचते, म्हणून आधी बघून घ्यायचं असतं. चादर गरम लागली. तापलेल्या कपाळासारखी, मोज्यांतूनसुद्धा.

मग कोणीतरी खोकलं.

दार तर लोटलेलं होतं. खोकला आला होता तिच्या हातातून.

"बाई... झटक वो मले... दम कोंडून राह्यला..."

बबिताला भीतीपेक्षा कणव आली. तिची माय अशीच गेली होती, श्वासासाठी तडफडत.

"एकडाव झटक, माय..."

चादरीची टोकं कधी मुठीत आली, हात कधी वर गेले, तिला कळलं नाही.

"बबे! काय करून राह्यली?" दारात पंचफुलाबाई उभी होती.

"ते... ते बाई बोलून राह्यली..."

कोणती बाई, हे पंचफुलाबाईने विचारलं नाही. मोजे घातले, तिच्या हातून चादर हळूहळू गुंडाळत घेतली आणि औषधाच्या पाण्यात दाबून धरली. पाण्यावर बुडबुडे येऊ लागले. येतच राहिले. दोघी खाली मान घालून बघत होत्या. शेवटचा बुडबुडा फुटला, तेव्हा बबिताला हुंदका आवरेना.

"आपण बुडवलं तिले..."

"ते तं सकाळीच गेलती, पोरी," पंचफुलाबाई म्हणाली. पण हात तिने पाण्याबाहेर काढले नाहीत.

लाइन आल्यावर मशीनमध्ये गरम पाण्याने धुऊन, कडक उन्हात वाळून त्या दिवसाच्या साऱ्या चादरी वार्डात गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बबिता मास्क लावून मळके कपडे आणायला गेली. क्षयाच्या खोलीत नवी पेशंट आली होती, तांड्यावरची तरुण सून, अंजू. एवढी खाट मोकळी असून ती अगदी काठाला, लोखंडी दांडीला चिकटून पडली होती.

"अशी कोपऱ्यात काहून पडली वो? अंग मोकळं टाक ना."

अंजूने ओठांवर बोट ठेवलं आणि शेजारच्या मोकळ्या चादरीकडे नजर वळवली.

"हळू बोला, ताई... रातभर खोकलत होत्या. आत्ताच डोळा लागला त्याईचा."